तुम्ही विचारा: इतवारीची छोटी लाईन आणि तिची डिझेल इंजिनं

प्रश्न : आमचे आजोबा म्हणतात नागपूरच्या इतवारीहून नागभीडला जायच्या छोट्या गाडीच्या डिझेल इंजिनात वीज बनतच नव्हती. भाचा रेल्वेच्या परीक्षेची तयारी करतोय, तो म्हणतो डिझेल इंजिन आतून इलेक्ट्रिकच असतं. घरात रोज यावरून वाद. खरं कोणाचं?
(एक वाचक, महाल)

उत्तर : आजोबांचं. भाचा पण चुकीचं वाचून आलेला नाही, तो मोठ्या लाईनबद्दल, म्हणजे ब्रॉडगेजबद्दल बोलतोय एवढंच. डब्ल्यूडीएम-२ सारख्या मोठ्या लाईनच्या इंजिनात डिझेल फक्त जनरेटर फिरवतं, त्याची वीज खाली चाकांजवळच्या मोटरींना जाते आणि गाडी हलते, म्हणजे चाकं खरं तर मोटरीच फिरवतात. आपल्या नॅरोगेजवरची झेडडीएम इंजिनं मात्र डिझेल-हायड्रॉलिक. यातलं झेड म्हणजे ७६२ मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट), डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे मिक्स्ड, पॅसेंजर पण ओढा आणि माल पण ओढा.

हायड्रॉलिक म्हणजे काय ते सोप्यात सांगतो. इंजिन एक पंख्यासारखं चक्र फिरवतं, ते चक्र तेलात असतं, ते तेल जोरात फेकतं आणि तेलाच्या त्या माऱ्याने समोरचं दुसरं चक्र फिरायला लागतं, मग पुढे गिअर आणि लांब शाफ्टमधून जोर चाकांपर्यंत जातो. फायदा असा की गाडी उभी असताना दोन्ही चक्रं एकमेकांना कुठेच चिकटलेली नसतात त्यामुळे भरलेली गाडी झटका न देता मऊ सुटते. तोटा असा की तेल गरम होतं आणि थोडी ताकद फुकट जाते. यावर तोडगा आपल्याच एका इंजिनियरने काढला, मनमोहन सुरी. त्यांच्या ट्रान्समिशनमध्ये सुरुवात तेलावर होते आणि वेग पकडला की जोड थेट यांत्रिक होतो, मग तेलात काही वाया जात नाही. ‘सुरी ट्रान्समिशन’ या नावानेच ते रेल्वेत ओळखलं जायचं. रेल्वेच्या गोष्टी सांगताना आपण इंग्रज साहेबांची नावं पाठ असल्यासारखी घेतो आणि हे नाव कोणी घेत नाही, याचा मला जरा रागच येतो.

डिझेल इंजिन ७०० हॉर्सपॉवरचं, डिझाईन जर्मनीतल्या कील शहरातल्या माक कंपनीचं. झेडडीएम-२ तिकडूनच बनून आली, नंतर झेडडीएम-३ आणि ४ आपल्या चित्तरंजनच्या कारखान्यात बनल्या. हेडलाईट आणि बॅटरी चार्जिंगपुरती वीज इंजिनात होतीच, तेवढे मार्क भाच्याला देऊन टाका.

प्रश्न : ते छोटी गाडी इतकी हळू काहून चालायची जी? सायकलवाला पुढं निघून जायचा म्हणतात. इंजिनातच दम नव्हता का?
(एक वाचक, उमरेड)

उत्तर : सायकलवाल्याची गोष्ट तर प्रत्येक गावात आहे आणि सायकलवाला दरवेळी जिंकतोच! शंभरेक किलोमीटरला चार-पाच तास लागायचे हे मात्र खरं. पण इंजिनाला दोष देऊ नका. ७०० हॉर्सपॉवर त्या चार-सहा डब्यांना भरपूर होती. याच घराण्यातली इंजिनं छिंदवाड्याच्या लाईनवर सावनेर, सौंसर, रामाकोना करत भीमालगोंदीचा घाट चढायची, सातपुड्याचा चढ आहे तो, दम नसता तर गाडी घाटाखालीच राहिली असती.

अडचण खालच्या रुळांची. ही लाईन बंगाल नागपूर रेल्वेने टाकली, नागभीडपर्यंत गाडी १९०८ मध्ये आली. कमी खर्चात जंगलाच्या मुलखात जायचं म्हणून हलके रूळ, कमी भराव, आणि टेकडी-नाला आला की खोदत बसण्यापेक्षा वळण घ्यायचं. अशा रुळावर जड इंजिन घातलं तर रूळच दबणार. मोठ्या लाईनची डब्ल्यूडीएम-२ जवळपास ११३ टनांची, चाकांच्या एका जोडीवर १८ टनांच्या वर भार, इथे त्याच्या निम्मा पण चालला नसता. म्हणून झेडडीएम-४ मध्ये एक गोष्ट केली जी मला फार आवडते. झेडडीएम-३ चंच इंजिन घेतलं आणि पुढे-मागे चाकांची एकेक जास्तीची जोडी लावली. या जोड्या गाडी ओढत नाहीत, फक्त वजन वाटून घेतात. चार जोड्या राबतात आणि दोन भार उचलतात! एवढं करूनही वळणं तीच, फाटकं तीच, कुही-उमरेड-भिवापूर करत जागोजागी थांबणं तेच, आणि लाईन एकेरी, समोरची गाडी आली की क्रॉसिंगला उभं राहा. कोणतंही इंजिन लावलं असतं तरी टाईमटेबलमध्ये फार फरक पडला नसता.

छिंदवाड्याची छोटी गाडी डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली आणि नागभीडची नोव्हेंबर २०१९ मध्ये, दोन्ही ब्रॉडगेज करायला. फोटो टाकून हळहळणाऱ्यांत मी पण आहे, पण उमरेड रोडला बसेस आणि जीपा धावत असताना चार-पाच तासांची गाडी टिकणार कशी? ज्यांचं पासावर जाणं-येणं होतं त्यांची खरी पंचाईत झाली, जुनी गाडी गेली आणि नवीची वाट बघत बसायचं.

प्रश्न : शकुंतला नावाची छोटी गाडी पण नागपूरचीच ना?
(एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : नाही. शकुंतला मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूरची. गेज तेच, ७६२, पण मालकी खाजगी कंपनीची आणि गाडी चालवायची मध्य रेल्वे. तिथे वाफेचं इंजिन पार १९९० च्या दशकापर्यंत होतं, मँचेस्टरला बनलेलं, मग डिझेल आलं. इतवारीची लाईन बंगाल नागपूरची, पुढे दक्षिण पूर्व आणि २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, त्याला झेडडीएम-४ चं चालतं मॉडेल करायचंय. या गेजचे रूळ दुकानात मिळतच नाहीत. काय करू?
(एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. मॉडेलवाल्यांचं १:८७ हे माप घ्या. ७६२ ला ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलीमीटरच्या आसपास येतं, आणि एन गेजचे तयार रूळ ९ मिमीचे असतात, म्हणजे नजरेला फरक कळणार पण नाही. खालचा सांगाडा आणि मोटर एन गेजच्या एखाद्या जुन्या इंजिनाची काढा, वरची बॉडी जाड पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिक शीटची, आणि त्या जास्तीच्या दोन जोड्या मोटरला न जोडता मोकळ्या फिरू द्या, खऱ्या इंजिनात पण तसंच आहे. मापं घ्यायच्या आधी त्याला मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये घेऊन जा, कामठी रोडच्या बाजूला, २००२ पासून आहे. टेप सोबत न्या पण आधी तिथल्या माणसाला विचारून घ्या, आणि चाकांचे फोटो बाजूने काढायला सांगा, पोरं नेहमी समोरूनच काढतात आणि मग घरी आल्यावर चाकं मोजताच येत नाहीत.