आधी कागद ओळखा

प्रश्न : ताई, आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत आजोबांची पत्रं, लग्नपत्रिका, एसटीची तिकिटं आणि एक विरलेलं इरकली लुगडं सापडलं. मी ते सगळं पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने चिकटवलं, वरून अॅक्रिलिकने रंगवलं. घरात सगळ्यांना फार आवडलं. पावसाळा लागला आणि पुठ्ठा वाकला, पत्रांना फोड आले, शाई फुटली, काही तिकिटं तर चक्क कोरी झाली. नणंद म्हणते, “कात्रणंच ती, एवढं काय मनाला लावून घेतेस!” पुन्हा करू की सोडून देऊ?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पुन्हा करा. पण त्याआधी एक काम आजच्या आज उरका. खराब झालेलं चित्र खिडकीजवळ ठेवून पत्रांचे जवळून, स्वच्छ फोटो काढा. पाणी लावून पत्रं सोडवायला मुळीच जाऊ नका. वाळलेला फेव्हिकॉल सुटणार नाही आणि उरलीसुरली शाईही पसरेल.

तुमच्या हातात काही कमी नाही. चिकटवताना चार प्रकारच्या वस्तूंना एकच नियम लावला गेला, एवढंच. मिश्रमाध्यमात, म्हणजे कागद, कापड, रंग असं सगळं एकाच चित्रात वापरताना, सुख आणि ताप दोन्ही तिथेच असतात. कागद ओला झाला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि आकसताना पुठ्ठ्याला स्वतःकडे ओढतो. म्हणून पुठ्ठा नेहमी चित्राच्या बाजूला वाकतो. उपाय जुना आणि हमखास आहे : पुढे जेवढा कागद लावाल, तेवढ्याच जाडीचा कागद त्याच वेळी मागेही लावा. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की पुठ्ठा सरळ राहतो.

फोड येतात ते घाईने. गोंद लावल्या लावल्या कागद चिकटवला, तर तो चिकटल्यावरही फुगत राहतो आणि जागा न मिळाल्याने वर उचलला जातो. गोंद लावून मिनिट-दोन मिनिटं थांबा. कागद सैल पडला, कडा वळायच्या थांबल्या, की मगच ठेवा आणि मधून कडेकडे हात फिरवा. वर बटर पेपर, त्यावर पाट, पाटावर वजन, आणि रात्रभर तसंच राहू द्या. शिवाय कागदाला उभं-आडवं असतं. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसरीकडे वेडंवाकडं. सरळ फाटतं तो त्याच्या तंतूंचा कल. त्याला आडवा कागद जास्त फुगतो. मोठे तुकडे एकाच कलाने लावलेत तर निम्मी कटकट वाचेल.

शाईच्या पेनाने लिहिलेली मूळ पत्रं चित्रात वापरू नयेत, या मताची मी आहे. झेरॉक्स काढा. झेरॉक्सची काळी पूड उष्णतेने कागदावर वितळून बसते, ती पाण्याला दाद देत नाही. इंकजेट प्रिंटरची प्रत मात्र नको, तिची बहुतेक शाई ओल्या गोंदात फुटते. झेरॉक्स जरा जाडसर हातकागदावर काढली तर पत्राचं रूपही येतं, आणि आजोबांचं अक्षर ट्रंकेत सुखरूप राहतं.

कोरी झालेली तिकिटं बहुधा कंडक्टरच्या मशीनची असणार. तो कागद उष्णतेने काळा होणारा. उजेड, ऊब, गोंद यांनी अक्षर उडतं. पूर्वीची, पेटीतून काढून चिमट्याने भोकं पाडलेली तिकिटं छापील होती, ती टिकतात. लुगड्याचा तुकडा चिकटवू नका, चार टाके घालून बसवा. पातळ कापडातून गोंद वर येतो आणि वाळल्यावर डाग दिसतो.

कोकणात आणखी एक शत्रू म्हणजे कसर, कागद कुरतडणारी कीड. आमच्या गल्लीतले बाइंडर मैद्याची खळ करतात तेव्हा त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकतात, ते याचसाठी. मोरचूद विषारी, भांडं वेगळं ठेवा, मुलांपासून लांब. फेव्हिकॉलला कसर शिवत नाही, पण खळ पाण्याने सुटते आणि चुकलेला तुकडा उचलता येतो. ज्या तुकड्याबद्दल मन घट्ट नाही, त्याला मी खळच लावते.

आता नणंदबाईंचं. १९१२ साली पिकासोने वेताच्या विणीचं चित्र छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि चौकटीऐवजी भोवती दोर गुंडाळला. आज ते पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटं, वेष्टणं, रस्त्यावरचा कचरा वेचून चित्रं करत होता. आणि आपल्याकडे शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी! १९५७ मध्ये त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर ते कागद कापून, बोटांनी चाचपून, जोडून चित्रं करत राहिले. त्या चित्रांतल्या माणसांचा डौल बघितला की मला आजही भरून येतं. कात्रणांत एवढं मावतं. नणंदबाईंना शेजारी बसवा, एक पत्रिका त्यांच्याही हाती द्या.

प्रश्न : मासिकाच्या गुळगुळीत पानावर अॅक्रिलिक रंग टिकत नाही, खपली निघते.
– एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : अगदी बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवून चकाकी मारा, मग जेसोचा, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा, पातळ हात द्या. छपाई दिसायला हवी असेल तर जेसोऐवजी मॅट मीडियम, म्हणजे बिनचकाकीचं पारदर्शक अॅक्रिलिक.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. वय ६८. चित्रकला कधी शिकलो नाही. आता कोलाज जमेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : मेरी डेलनी या इंग्रज बाईंनी १७७२ च्या सुमारास, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कागदाची फुलं करायला घेतली. जिरेनियमच्या पाकळीचा आणि हाताशी असलेल्या लाल कागदाचा रंग एकच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तिथून सुरुवात झाली. काळ्या कागदावर, रंगीत कागदाच्या केसाएवढ्या बारीक पट्ट्या लावून त्यांनी जवळजवळ हजार फुलं केली, आणि नजर साथ देईना तेव्हाच थांबल्या. ती फुलं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

तुम्ही तर चार वर्षं आधीच निघालात. अंगणातली जास्वंद समोर ठेवा. एकच लाल कागद घेऊ नका. लग्नपत्रिका, पतंगाचा कागद, मिठाईच्या खोक्याची आतली बाजू, असे चार-पाच लाल जमवा. आधी काहीही न चिकटवता पाकळ्या नुसत्या मांडा आणि दोन दिवस येता-जाता सरकवत राहा. मन भरलं की खळ लावा, आणि मधला पिवळा तुरा सगळ्यात शेवटी.