रिडेव्हलपमेंटची मीटिंग लागली की भांडणच होतं, काय करू?

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीतल्या एका सोसायटीची सेक्रेटरी. ४८ फ्लॅट, बिल्डिंग चाळिशी पार केलेली, पावसात वरच्या मजल्यावर बादल्या लावतो. तरी रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला की आरडाओरडा. मागच्या मीटिंगला तळमजल्यावरचे काका सगळ्यांसमोर म्हणाले, "बिल्डरकडून किती घेतलेस?" मी रडत घरी आले. २५ जण तयार आहेत, मग बाकीच्यांशी बोलायचं तरी कशाला?

उत्तर : अगं, हे वाक्य मीही आमच्या सोसायटीत ऐकलंय, फार लागतं. तुझा हिशेब बरोबर आहे, ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सभेला दोन तृतीयांश म्हणजे तुमचे ३२ सभासद हवेत आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्के म्हणजे २५ जणांची संमती. पण घरं ४८ रिकामी करायचीत ना, आणि एकजण जरी कोर्टात गेला तरी काम रखडू शकतं.

आमच्याकडे एक आजी दरवेळी विरोध करायच्या, कारण विचारलं की गप्प. शेवटी मी एका दुपारी त्यांच्याकडे जाऊन नुसती बसले, तर चहा गाळता गाळता म्हणाल्या, बिल्डरचा भाड्याचा चेक बंद पडला तर या वयात मला घर कोण देईल गं? हे त्या सगळ्यांसमोर कधीच बोलल्या नसत्या. मग आम्ही वर्षाचं भाडं आगाऊ आणि पुढचे चेक आधीच सोसायटीकडे असं कलम करारात घालून घेतलं, आणि ते पान त्यांना मोठ्या अक्षरात छापून दिलं.

तू पण काकांकडे जा, एकटी जा, कमिटी घेऊन जाऊ नकोस, आणि समजवायला नको, ऐकायला जा. पैशांच्या आरोपावर मीटिंगमध्ये चिडू नकोस, सरळ सांग की विकासक कमिटीतल्या कुणाचा नातेवाईक चालत नाही, निवडीच्या सभेला निबंधकांचा, म्हणजे सोसायट्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचा, अधिकारी असतो, सभेचं व्हिडिओ शूटिंग होतं, आणि काका, टेंडर उघडताना तुम्ही पुढच्या खुर्चीत बसा. सगळ्या ऑफरचा एकच तक्ता, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती रक्कम), भाडं, मुदत, नोटिशीबरोबरच घरोघरी दे म्हणजे लोक आकड्यांवर बोलतील. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र यातलं एक अक्षर वाद घालायला लिहू नकोस, तिथे रात्री अकराला टाकलेलं वाक्य सकाळी जिन्यात भेटतं. आणि कुणी विरोध नोंदवला तर त्याच्याच शब्दांत मिनिट्समध्ये लिही, सही करायच्या आधी त्याला वाचून दाखव.