बातमीदार पडद्याआड, मग खटला कशावर उभा?

प्रश्न : माझ्या भाच्याला गांजा विक्रीच्या गुन्ह्यात अटक झाली. तो मित्राबरोबर त्याच्या कारमध्ये रस्त्याकडेला बसला होता. कारमध्ये २ किलो ३०० ग्रॅम गांजा मिळाल्याचे पंचनाम्यात आहे. ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाली’ एवढाच त्यात बातमीचा उल्लेख. या बातमीदाराला कोर्टात बोलावता येईल का? मित्राने पोलिसांकडे भाच्याचेच नाव घेतले आहे, त्याचे काय? – एक वाचक, मिरज

उत्तर : बातमीदाराचे नाव सांगायला अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही. एनडीपीएस कायद्याचे (अमली पदार्थविरोधी कायद्याचे) कलम ६८ आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३१ त्याला हे संरक्षण देतात. ते योग्यही आहे. नाव फुटले तर खबऱ्याच्या जिवावर बेतू शकते. पण जो साक्षीला येत नाही, त्याचा शब्द पुरावाही ठरत नाही. ‘हा मुलगा माल विकतो असे बातमीदार म्हणाला’ ही अधिकाऱ्याच्या तोंडची ऐकीव गोष्ट झाली. पोलीस तिथे का गेले, एवढेच तिच्यातून कळते. गुन्हा सिद्ध व्हायला जप्ती, पंच, सील आणि रासायनिक विश्लेषकाचा अहवालच लागतो.

म्हणून नावामागे न लागता बातमीचा कागद तपासा. एनडीपीएस कायद्याच्या कलम ४२ नुसार मिळालेली बातमी लिहून काढावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांत लगतच्या वरिष्ठांकडे जावी लागते. भर रस्त्यावरच्या कारवाईला कलम ४३ लागते, तिथे ही अट नाही, आणि सरकार पक्ष बहुधा त्याचाच आधार घेईल. मात्र खासगी कार रस्त्यावर उभी असली तरी ती ‘सार्वजनिक जागा’ होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बूटा सिंग खटल्यात (२०२१) म्हटले आहे. कार मित्राची खासगी असेल तर वकिलांनी हा मुद्दा सुरुवातीलाच घ्यावा. कर्नैल सिंग निकालानुसार (२००९) प्रत पाठवायला झालेला उशीर पटण्याजोग्या कारणाने माफ होऊ शकतो, पण कलम ४२ अजिबात न पाळणे चालत नाही.

स्टेशन डायरीतील बातमीची वेळ, पथक निघाल्याची वेळ, पंचांना बोलावल्याची वेळ आणि वरिष्ठांच्या कार्यालयातील आवक नोंद एकाखाली एक लिहून काढा. पंच बातमीच्या आधीच हजर दिसले, किंवा आवक नोंदच नसली, तर बातमी मागाहून रचल्याचा संशय येतो. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे; तेही मागा.

अधिकारी खरोखर तिथे होते का, हे त्यांच्या मोबाइलच्या टॉवर लोकेशनवरून तपासता येते. सुरेश कुमार खटल्यात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने समोरचे नंबर झाकून असा तपशील द्यायला लावला होता. त्यामुळे खबऱ्याही सुरक्षित राहतो. हा अर्ज लवकर करा, कंपन्या कॉल रेकॉर्ड कायम ठेवत नाहीत.

खबऱ्यालाच पंटर करून, म्हणजे बोगस गिऱ्हाईक म्हणून, पाठवले होते का, हेही पाहा. तसे असेल तर तो नुसता बातमी देणारा उरत नाही, व्यवहाराचा प्रत्यक्ष साक्षीदार होतो. त्याला तपासले नाही तर विक्रीच्या आरोपावर जोरदार हरकत घेता येते. माल जवळ बाळगल्याचा आरोप मात्र जप्तीच्या पुराव्यावर स्वतंत्रपणे टिकू शकतो.

मित्राच्या जबाबाची फार धास्ती नको. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. तोफन सिंग निकालाने (२०२०) एनडीपीएसच्या कलम ६७ खाली अधिकाऱ्यांनी नोंदवलेल्या जबाबांनाही हाच नियम लावला. पैशांचे व्यवहार किंवा चॅट सापडले तर गोष्ट वेगळी. तो स्वतंत्र पुरावा आहे.

जामिनाचे म्हणाल, तर गांजाचे अल्प प्रमाण १ किलो आणि व्यावसायिक २० किलो आहे. तुमचे प्रकरण मधले, म्हणून कलम ३७ ची कडक अट सहसा आड येत नाही. शिक्षा मात्र १० वर्षांपर्यंत होऊ शकते. आसपासच्या दुकानांचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसले जाते, ते जपून ठेवण्याचा अर्ज याच आठवड्यात द्या.