जिप्सम पार्टिशनचा कोपरा गोल कसा करावा?

प्रश्न: हॉल आणि बेडरूमच्या मध्ये 75 मिमी जाडीचं जिप्सम पार्टिशन घालतोय. हॉलमध्ये पुढे येणारा कोपरा फूटभर त्रिज्येचा गोल हवा आहे. कारागीर म्हणतो, नेहमीचाच बोर्ड पाणी मारून वाकवू. चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: नाही चालणार. 12.5 मिमीचा बोर्ड 300 मिमी त्रिज्येला ओला करूनही वळत नाही. आतला जिप्सम फुटतो आणि रंगावर उभ्या भेगा येतात. नुसती धार मोडायची असती, तर 20 मिमीच्या आसपास गोलाईचं बुलनोज बीड (गोल कडेची तयार कोपरापट्टी) पुरलं असतं. त्यात दोन्ही बोर्ड स्टडच्या (सांगाड्यातल्या उभ्या पट्टीच्या) कडेलाच थांबवायचे, एकावर एक चढवायचे नाहीत.

तुमच्या गोलाईसाठी सुताराकडून 18 मिमी प्लायचे दोन पाव-वर्तुळाकार तुकडे कापून घ्या, बाहेरची त्रिज्या 288, आतली 238 मिमी. एक जमिनीला, एक छताला. ओळंबा लावूनच बसवा. दोन्हींच्या मध्ये 50 × 25 मिमीच्या पाच उभ्या लाकडी पट्ट्या, साधारण 113 मिमी अंतराने. अंतर वाढवलंत तर गोलाईऐवजी सपाट पैलू दिसतात, खिडकीचा उजेड तिरपा पडला की जास्तच.

हॉलच्या बाजूने फ्लेक्सी प्लाय (सहज वाकणारा पातळ प्लाय) दोन थरांत लावा, मिळून जाडी 12 मिमी. एका कडेने सुरुवात करून दाबत दाबत पुढे जा आणि दर 150 मिमीवर स्क्रू मारा. गोलाई संपते तिथेच जोड ठेवू नका, तिथे हमखास तडा जातो. प्लाय सरळ भिंतीतल्या पहिल्या स्टडपर्यंत न्या आणि जोड तिथे घ्या.

बेडरूमच्या बाजूची गोलाई खोलगट आहे, तिथे मात्र साधा बोर्ड चालतो. मागचा कागद दर 25 मिमीला कापून प्रत्येक रेघेवर जिप्सम मोडा, पुढचा कागद शाबूत ठेवा. वाकवताना चिरा मागे उघडतात. बाहेरच्या बाजूला हे जमत नाही, कारण तिथे चिरांना मिटावं लागतं आणि सुरीच्या कापात तेवढी जागाच नसते.

प्लायला आधी वुड प्रायमर. जोडावर पेपर टेप आणि जॉइंटिंग कंपाउंडचे (जोड भरायच्या पुट्टीसारख्या मिश्रणाचे) तीन पातळ हात द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. शेवटच्या हाताआधी भिंतीला चिकटवून टॉर्च धरा, उंचवटे लगेच कळतात. स्कर्टिंगही आत्ताच ठरवा, सरळ टाइल या वळणावर बसणार नाही.