अल्फॉन्सो: आधी माणूस की आधी आंबा?

तुमचा प्रश्न असा, की अल्फॉन्सो हे माणसाचं नाव आंब्यावरून आलं का, आणि त्याचा अर्थ काय. आधी माणूस, मग आंबा. आपण ते पेटीवर वाचतो म्हणून फळाचं वाटतं. स्पेन-पोर्तुगालात ते आठव्या शतकापासून राजांचं नाव आहे. पोर्तुगालचा पहिला राजाही अफोन्सोच, हे अल्फॉन्सोचं पोर्तुगीज रूप. पण मूळ लॅटिन नाही, जर्मानिक आहे, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या भाषाकुळातलं.

पाचव्या शतकात व्हिसिगॉथ हे जर्मानिक लोक अशी नावं घेऊन स्पेनमध्ये शिरले, पुढे तोलेदो त्यांची राजधानी झाली. ७११ साली आलेल्या अरब-बर्बर फौजांपुढे त्यांचं राज्य कोसळलं. त्यांची भाषाही विरून गेली, नावं तेवढी राहिली.

नावात दोन शब्द आहेत. दुसरा 'फुन्स', म्हणजे तयार, तत्पर. पहिला बहुतेक 'अदल', म्हणजे कुलीन, थोर. आजच्या जर्मनमधला 'एडल' तोच. उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियासच्या राजांच्या जुन्या लॅटिन दस्तऐवजांत 'आदेफोन्सुस' असं लिहिलेलं आढळतं. काहीजण पहिला शब्द 'हिल्ड', म्हणजे युद्ध, असा धरतात. सातव्या शतकातले तोलेदोचे बिशप इल्देफोन्सो यांच्या नावात तो उघड दिसतो. मला वाटतं, ही दोन निराळी नावं पुढे एकमेकांत मिसळली. म्हणजे एक 'थोर आणि तत्पर', दुसरं आपल्या 'रणसज्ज'सारखं. मात्र दोन शब्दांचं मिळून वाक्य करू नका. जर्मानिक लोक अनेकदा आईबापांच्या नावांतले तुकडे उचलून मुलाचं नाव जोडत, तिथे सलग अर्थ लागेलच असं नाही.

पोर्तुगीज रूपात 'ल' नाही: अफोन्सो. अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं, आणि त्याच्यावरूनच या कलमी आंब्याला नाव पडलं असं मानतात. कोकणी-मराठी तोंडात 'न' गेला, आफूस झालं, मग हापूस. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीतही याच 'फुन्स'चा 'न' गळून 'फूस' झालं होतं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण मला हे फार आवडतं.

मी वसईचा. आमच्या वर्गाच्या हजेरीत ओळीने फर्नांडिस आणि रॉड्रिग्ज असायचे. तीही मूळची गॉथिकच, म्हणजे व्हिसिगॉथांच्या भाषेतली नावं. रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा मुलगा, आणि रोद्रिगोतला 'ह्रोथ' म्हणजे कीर्ती, 'रिक' म्हणजे सत्ताधीश. ७११ च्या लढाईत हरलेल्या गॉथ राजाचं नाव हेच होतं.