विमानांचे सिग्नल पकडणारा माझा रिसीव्हर जेमतेम ५०-६० किलोमीटरपर्यंतचीच विमाने दाखवतो. ॲम्प्लिफायर लावल्यास पल्ला वाढेल का?

आपण पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहता आणि डोंगलसोबत (संगणकाला जोडायच्या छोट्या रिसीव्हरसोबत) आलेला छोटा अँटेना खिडकीच्या आत ठेवला आहे, असे आपण लिहिले आहे. माझे स्पष्ट मत असे की ॲम्प्लिफायरवर पैसे खर्च करण्यापूर्वी अँटेना इमारतीच्या गच्चीवर न्यावा.

विमानातला ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाची माहिती पाठवणारे रेडिओ यंत्र, १०९० मेगाहर्ट्झवर, साधारण सेकंदाला दोनदा, आपले स्थान स्वतःहून प्रक्षेपित करत असतो. हा संदेश ११२ बिटांचा असतो आणि अवघ्या १२० मायक्रोसेकंदांत संपतो. त्यातले शेवटचे २४ बिट केवळ तपासणीसाठी असल्यामुळे, वाटेत बिघडलेला संदेश बहुतेक वेळा टाकूनच द्यावा लागतो. मोठ्या प्रवासी विमानाचा ट्रान्सपॉन्डर शंभराहून अधिक वॅट शक्तीने बोलतो, म्हणजे मुळात सिग्नल दुबळा नाही. अडचण अशी की या वारंवारितेच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि काँक्रीटची भिंत, खिडकीची लोखंडी जाळी, शेजारची उंच इमारत यांपैकी काहीही आड आले की त्या दिशेची दूरची विमाने नाहीशी होतात.

वाट मोकळी असेल तर मर्यादा फक्त पृथ्वीच्या गोलाईची उरते. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमूळाला ४.१२ ने गुणले की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. या हिशेबाने १०,७०० मीटरवरून जाणारे विमान सुमारे ४२५ किलोमीटरवरून दिसू शकते, तर ९०० मीटरवर उतरलेले विमान सपाट प्रदेशातही सव्वाशे किलोमीटरच्या आतच. त्यातच पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची रांग उभी आहे. त्यामुळे मुंबईकडे उतरणारी विमाने शेवटच्या टप्प्यात आपल्या नकाशावरून पुसली जातील, मात्र अरबी समुद्रावरून उंचावरून जाणारी विमाने दिसत राहतील. डोंगराने अडवलेला सिग्नल कोणताही ॲम्प्लिफायर परत आणू शकत नाही.

ॲम्प्लिफायर सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो, ही गोष्ट शहरात फार महत्त्वाची ठरते. मोबाइल टॉवरचे ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले प्रक्षेपण १०९० च्या पुष्कळच जवळ आहे, आणि स्वस्त डोंगल सिग्नल केवळ ८ बिटांत, म्हणजे थोड्याच पायऱ्यांत, मोजत असल्याने जवळच्या टॉवरमुळे तो सहज गुदमरतो. म्हणून खरेदी करायचीच असेल तर आधी १०९० चा फिल्टर (इतर वारंवारिता अडवणारा) घ्यावा. ॲम्प्लिफायरचा खरा उपयोग लांब केबलमधली घट भरून काढण्यासाठी असतो आणि म्हणूनच तो खाली डोंगलपाशी न लावता वर अँटेनापाशी लावायचा असतो. ही घट किरकोळ नसते: आरजी-५८ जातीच्या १० मीटर केबलमध्ये या वारंवारितेला जवळपास तीन चतुर्थांश शक्ती वाटेतच संपते. त्यापेक्षा डोंगल आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक गच्चीवरच सावलीत, पाणी न शिरणाऱ्या पेटीत ठेवून खाली फक्त नेटवर्कची तार आणणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. अँटेना उभाच असावा, कारण ट्रान्सपॉन्डरच्या लहरी उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या, असतात. वळवाच्या दिवसांत वीज कडाडू लागण्यापूर्वी ती तार काढून ठेवावी आणि शक्य असल्यास अर्थिंगसह सर्ज संरक्षकही बसवावा. रेडिओ उपकरणे बाळगण्यावर भारतात १९३३ पासून कायदा आहे, तेव्हा सध्याचे नियम एकदा पाहून घ्यावेत.

उंचीचा लाभ आपल्यापुरताच नाही. काही विमाने आपले स्थान सांगतच नाहीत. त्यांचा एकच संदेश किमान चार रिसीव्हरांपर्यंत पोहोचण्याच्या वेळांतल्या सूक्ष्म फरकावरून त्यांची जागा काढावी लागते. आपला रिसीव्हर दूरवर पाहू लागला की परिसरातल्या इतर रिसीव्हरवाल्यांच्या या गणितालाही त्याचा आधार मिळतो.

अँटेना वर नेल्यानंतर सॉफ्टवेअरमधला गेन (रिसीव्हर सिग्नल किती वाढवतो ते प्रमाण) सर्वात जास्त ठेवू नये. अगदी तीव्र संदेशांचे प्रमाण पाच ते दहा टक्क्यांवर गेले, तर तो एकेक पायरी कमी करावा आणि प्रत्येक बदलानंतर पूर्ण एक दिवस आकडे पाहावेत, कारण विमानांची वर्दळ तासागणिक बदलते.