घरी जुना व्हीसीआर, एलईडी टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स आहे. तिन्ही कसे जोडायचे? कन्व्हर्टर लागेल की व्हीसीआर भंगारात देऊ?

भंगारात अजिबात देऊ नका. "तो डबा काढून टाक" हे आमच्या दादाने मला इतकी वर्षं ऐकवलंय, आणि त्याला एवढी घाई का होती ते मला मागच्या दिवाळीत कळलं.

आमचं लग्न 1995 चं, ठाण्यातच, नौपाड्यात. तीन तासांची ई-180 कॅसेट. घरी आल्या दिवशीच मी तिच्या पाठीची प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकली, म्हणजे त्यावर कुणी रेकॉर्ड करू नये. पण त्या भोकावर सेलोटेप चिकटवली की पुन्हा रेकॉर्डिंग होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. 1996 च्या मे महिन्यात पाहुण्यांसमोर कॅसेट लावली. कन्यादान झालं, आणि सप्तपदीच्या जागी ईडन गार्डन्स! भारत-श्रीलंका सेमी फायनल. बायकोने तिथेच बंद केलं, आणि नंतर ती कॅसेट कुणी लावलीच नाही.

आळ माझ्यावर. का, तर ठरल्या वेळी आपोआप रेकॉर्डिंग सुरू करणारा टायमर फक्त मला लावता यायचा. मी त्या दिवशी वागळे इस्टेटला सेकंड शिफ्टला होतो, मॅच डे-नाइट होती. "म्हणूनच टायमर लावून गेलास," इति दादा. दर लग्नाच्या वाढदिवसाला हेच.

मागच्या दिवाळीत माळा आवरताना व्हीसीआर खाली काढला. नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल, म्हणजे एव्हीची भोकंच नाहीत, आहेत ती चपटी एचडीएमआयची. स्टेशनजवळच्या दुकानदाराने कन्व्हर्टर म्हणून उलटा डबा गळ्यात मारला, एचडीएमआय टू एव्ही. तुम्हाला हवा एव्ही टू एचडीएमआय. तीन रंगांच्या भोकांपाशी 'इन' लिहिलेलं आहे ना ते दुकानातच बघा, आणि त्याला यूएसबीवरून पाच व्होल्ट द्यावेच लागतात. पाल-एनटीएससीचं (चित्राच्या दोन पद्धतींचं) बटण असेल तर पालवर ठेवा, आपल्याकडे तीच. टीव्हीला 3.5 मिमीचा एव्ही जॅक असेल तर कन्व्हर्टरची गरजच नाही, एका टोकाला ती पिन आणि दुसऱ्याला तीन रंगांच्या पिना असलेली वायर पुरते. चित्र नाही आणि नुसती घरघर येत असेल तर पिना आलटून-पालटून बघा, प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी.

तर दुसरा डबा आणला, कॅसेट शेवटपर्यंत पाहिली. आणि काय दिसावं? ओव्हर संपली की चित्र हलकंसं उडी मारतं आणि पुढची ओव्हर. जाहिरात एकही नाही! टायमर जाहिराती कापत नाही हो. कुणीतरी रिमोट हातात घेऊन, दर ओव्हरला पॉज दाबत बसलं होतं. बाबांना प्ले सोडून दुसरं बटण माहीत नव्हतं. आईला क्रिकेटचा तिटकारा. उरलं कोण?

सेट टॉप बॉक्सचं म्हणाल तर तो सरळ एचडीएमआयने टीव्हीला लावा, व्हीसीआर वेगळा ठेवा. पूर्वी केबलची वायर आधी व्हीसीआरमध्ये जायची, एक चॅनल बघत दुसरा रेकॉर्ड करता यायचा. आता व्हीसीआरच्या ट्यूनरला, म्हणजे चॅनल पकडणाऱ्या भागाला, डिजिटल सिग्नल कळत नाही. रेकॉर्ड करायचंच असेल तर बॉक्सचं एव्ही आउट व्हीसीआरच्या एव्ही इनमध्ये, आणि बॉक्सवर जे लागलंय तेच रेकॉर्ड होणार. पण आता कशाला करताय? कुणाच्या तरी लग्नावरच कराल.

अरे हो, हे आधी सांगायला हवं होतं. कॅसेटच्या काचेतून पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात हमखास धरते, आणि ती हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागली की पुढची चांगली कॅसेटही खराब. हँडीकॅमच्या छोट्या कॅसेटी तर व्हीसीआरमध्ये थेट बसतच नाहीत.

भाऊबीजेला सगळे जमले तेव्हा दादाला समोर बसवून लावली. पाच-सहा ओव्हर तो गप्प बघत होता. मग म्हणाला, "कन्व्हर्टर केवढ्याला मिळाला रे?"